रन बटण होतं, उत्तर नव्हतं : नाशिकच्या एका प्रोग्रामिंग मदत-साइटचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांमधून ही साइट चालते. नाव देत नाही, चालवणाऱ्यांची तीच अट आहे. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. साइट मराठीतून सी, पायथन आणि थोडं वेब प्रोग्रामिंग समजावून सांगते. वाचक म्हणजे मुख्यतः डिप्लोमाची आणि बीएस्सी कॉम्प्युटरची मुलं. सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवल्याकडून नाशकात शिकायला येणारी. बहुतेकांकडे स्वतःचा लॅपटॉप नसतो. फोन असतो, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा मिळणारा पीसी.

साइटच्या मागे तिघं. पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं सी शिकवून निवृत्त झालेले सर, उदाहरणं लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या मॅडम, आणि सगळं तांत्रिक काम एकट्याने ओढणारा त्यांचाच एक जुना विद्यार्थी. मी पानाची मांडणी आणि वेग पाहायला बाहेरून आलेलो.

सुरुवातीला साइटवर कोड साध्या चौकटीत असायचा आणि खाली आउटपुटचा स्क्रीनशॉट. मग टीमने सगळी उदाहरणं 'चालणारी' केली. कल्पना नवी नव्हती. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने २०१४ मध्ये एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी उत्तरातच कोड चालवून दाखवायची सोय दिली होती. पायथनसाठी पायोडाइड आहे. मोझिलामध्ये २०१८ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प पायथनचा मूळ इंटरप्रिटरच (कोड वाचून चालवणारं इंजिन) वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या रूपात बदलून थेट ब्राउझरमध्ये चालवतो, सर्व्हर लागत नाही. सीसाठी टीमने स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर जीसीसी हा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) बसवला होता. प्रत्येक उदाहरणाला एक एडिटर, एक हिरवं रन बटण, खाली आउटपुटची रिकामी चौकट. स्क्रीनशॉट काढून टाकले. सरांच्या शब्दांत, "मुलांनी स्वतः चालवून बघावं, फोटो बघून काय शिकणार?"

म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्या दिवसापासून साइट वाचायला जड झाली.

अडचण

टीमने मला सांगितलेली तक्रार एका ओळीची होती : साइट हळू झालीय. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) धड्यात डझनभर पायथन उदाहरणं, प्रत्येक उदाहरण स्वतःच्या आयफ्रेममध्ये (पानात बसवलेलं दुसरं पान), आणि प्रत्येक आयफ्रेम पान उघडताच स्वतःपुरतं पायोडाइड चालू करायचं. डाउनलोड कॅशेमधून, म्हणजे फोनवर आधीच साठवलेल्या प्रतीतून आलं तरी इंजिन मेमरीत डझनभर वेळा उभं राहायचंच. पंगतीतल्या प्रत्येक पानाला वेगळा आचारी बोलावल्यासारखा प्रकार. स्वस्तातला फोन तिथेच मान टाकायचा.

एवढं दुरुस्त करून बिल लावून निघून येता आलं असतं. तसं न करता एका डिप्लोमाच्या मुलीला तिच्याच फोनवर धडा वाचायला सांगितला आणि शेजारी बसून पाहिलं. वेग हा अडचणीचा लहान भाग होता हे तिथे कळलं.

तिने पान उघडलं. कोड आला, खाली पांढरी चौकट. ती वाचायला लागली तोवर वरची एक आयफ्रेम लोड होऊन उंच झाली आणि वाचत असलेली ओळ अंगठ्याखालून निसटली. तिने पान वर सरकवायला बोट लावलं, ते पडलं एडिटरवर. त्यामुळे पान सरकायच्या ऐवजी चौकटीतला कोडच सरकला. चौकटीबाहेरची बोटभर मोकळी जागा शोधून तिने पुढे नेलं. रन मात्र एकदाही दाबलं नाही. का, असं विचारल्यावर म्हणाली, "आउटपुट काय येतं तेवढंच बघायचं होतं सर, पण इथे रिकामंच आहे. दाबलं की कीबोर्ड वर येतो आणि सगळंच झाकलं जातं." शेवटी तिने कोडचा स्क्रीनशॉट काढला. लॅबमध्ये तो बघून टाइप करणार होती.

चौकटीला रन बटण होतं, पण उत्तर नव्हतं. ज्याला 'फॉर लूप एक ते दहा छापतो की एक ते नऊ' एवढीच खात्री करून घ्यायची आहे, त्याच्यापुढे आपण एक इंजिन, एक कीबोर्ड आणि एक रिकामी चौकट ठेवली होती.

दुसरा पुरावा झेरॉक्सच्या दुकानात मिळाला. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी मुलं जर्नल पूर्ण करतात. जर्नलमध्ये प्रोग्रॅम आणि त्याखाली आउटपुट हवंच. पूर्वी या साइटच्या पानांचे प्रिंटआउट काढून ती समोर ठेवून मुलं उतरवून घ्यायची. आता प्रिंटमध्ये कोडच्या पहिल्या आठदहा ओळी यायच्या, कारण बाकीचा कोड एडिटरच्या आतल्या स्क्रोलमध्ये दडलेला, आणि खाली कोरा चौकोन. दुकानदाराने एका मुलाला सांगितलं होतं की ही साइट नीट प्रिंट होत नाही, दुसरी बघ. आमच्यासाठी ते वाक्य कुठल्याही रिपोर्टपेक्षा कामाचं ठरलं.

समोरचे पर्याय

बैठकीत पहिला प्रस्ताव तांत्रिक जोडीदाराचा, म्हणजे त्या जुन्या विद्यार्थ्याचा : पायथनसुद्धा सर्व्हरवर न्यायचं, फोनवर काही लोडच होऊ द्यायचं नाही. वेगाचा प्रश्न सुटला असता. पण परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी मुलं एकदम रन दाबणार, त्या रात्रीसाठी मोठा सर्व्हर वर्षभर पोसायचा, आणि कोणीही लिहिलेला कोड आपल्या मशीनवर चालवायची जोखीम वाढवायची. सीच्या बाबतीत ती जोखीम आधीच घेतलेली होती. तिथे वेळेची आणि मेमरीची मर्यादा, नेटवर्क बंद, प्रत्येक रनला वेगळा कंटेनर (बंदिस्त कप्पा) एवढं सांभाळताना तो थकलेला होता. त्यात भर नको, हे त्याचं त्यालाच बोलता बोलता पटलं.

दुसरा पर्याय, बाहेरच्या एखाद्या कोड-खेळणीघराची (कोड चालवून बघायला देणाऱ्या दुसऱ्या साइटची) चौकट आणून बसवायची. काम एका दुपारचं. पण ती चौकट त्यांच्या रंगात, त्यांच्या भाषेत, त्यांच्या मर्जीवर. उद्या त्यांनी फुकट योजना बंद केली की शेकडो धडे एका रात्रीत मुके होणार. मॅडमनी हा पर्याय पाच मिनिटांत निकालात काढला.

तिसरा सरांना अजिबात न आवडलेला : मागे जायचं. साधा कोड, खाली आउटपुट, रन बटण नाहीच. मी तो मुद्दाम टेबलावर ठेवला, कारण त्याने वाचणाऱ्याचे प्रश्न जवळजवळ सगळे सुटत होते. सर चिडले. "मग पुस्तकच छापू की!" पण त्यांच्या रागातून एक उपयोगी गोष्ट निघाली. मुलं रन कधी दाबतात असं मी विचारलं, तेव्हा तेच म्हणाले, "काहीतरी बदलून बघायचं असेल तेव्हा." म्हणजे जसंच्या तसं उदाहरण चालवायला रन लागतच नाही. ते वाचायला असतं. रन हवं ते आकडा बदलल्यावर, ओळ काढून बघितल्यावर.

इथून चौथा पर्याय जवळजवळ आपोआप पुढे आला. आउटपुट आधीच पानात छापलेलं. कोड साधा, पूर्ण, वाचता येईल असा. सोबत 'बदलून बघा' असं बटण. ते दाबेपर्यंत ना एडिटर, ना इंजिन, ना आयफ्रेम. हाच घेतला.

पहिला निर्णय : कोणाचं आउटपुट?

आउटपुट आधीच छापायचं म्हटल्यावर ते कोणी हाताने लिहायचं नाही, एवढं लगेच ठरलं. हाताने लिहिलेलं आउटपुट पहिल्या दुरुस्तीनंतर खोटं ठरतं. कोणी कोडमध्ये पाचाचे सहा करतं आणि खालचं उत्तर पाचाचंच राहतं. म्हणून मॅडमनी उदाहरण सेव्ह केलं की ते खरोखर चालतं आणि जे येईल ते कोडसोबत जतन होतं. रात्री सगळी उदाहरणं पुन्हा चालतात आणि जतन केलेल्याशी न जुळणारं उदाहरण सकाळी मॅडमच्या यादीत येतं.

त्या यादीत पहिल्याच सकाळी रँडम नंबरची उदाहरणं आली, तारीख छापणारी आली, पॉइंटरचा (मेमरीतल्या जागेचा) पत्ता छापणारी आली. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हता तो पायथनचा सेट, म्हणजे क्रम नसलेला संच. शब्दांचा सेट छापला की क्रम दर वेळी वेगळा, कारण पायथन ३.३ पासून शब्दांचं हॅशिंग (शब्दाचा आकडा करून त्यावरून जागा ठरवणं) प्रत्येक रनला मुद्दाम वेगळं केलेलं असतं. डिक्शनरीचा (नाव-किंमत अशा जोड्यांच्या संचाचा) क्रम मात्र ३.७ पासून भाषेनेच पक्का केला आहे. त्यामुळे जुनी मुलं दोन्हीची सरमिसळ करतात. अशा उदाहरणांच्या आउटपुटवर आता 'दर वेळी वेगळं येईल' अशी पट्टी दिसते. मॅडमचं मत असं की त्या पट्टीने सेट हा विषय धड्यातल्या दोन परिच्छेदांपेक्षा चांगला शिकवला.

खरा वाद सीवर झाला, आणि तो दोन बैठका चालला. नाशकातल्या, खरं तर महाराष्ट्रातल्याच कितीतरी लॅबमध्ये आजही टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं ते निळं पान, आता डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बसवलेलं. मुलं 'व्हॉइड मेन' लिहितात, कोनियो हेडर (पडदा-कीबोर्डच्या सोयींची फाइल) जोडतात, सुरुवातीला पडदा पुसणारं 'सीएलआरएससीआर' आणि शेवटी बटण दाबेपर्यंत थांबणारं 'गेटसीएच'. साइटचा सर्व्हर जीसीसीचा. त्याला कोनियो माहीतच नाही, म्हणून लॅबमधला बरोबर चालणारा प्रोग्रॅम इथे पहिल्याच ओळीला एरर देतो. मुलांना वाटतं साइट बिघडली.

एरर निदान दिसते तरी. उत्तरच वेगळं येणं त्याहून अवघड. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक साठवायची जागा) दोन बाइटचा, जीसीसीमध्ये चार बाइटचा. आठ फॅक्टोरियल (एक ते आठचा गुणाकार) ४०३२०. दोन बाइटच्या इंटमध्ये ३२७६७ च्या पुढे जागा नाही, म्हणून टर्बोमध्ये तेच −२५२१६ दिसतं. सरांचं म्हणणं, परीक्षक लॅबमध्ये टर्बोवर तपासणार, मग आउटपुट टर्बोचंच छापा. तांत्रिक जोडीदाराचं म्हणणं, उद्या नोकरीत गेल्यावर यांना टर्बो कोण देणार? मॅडमनी विचारलं, "आणि जीसीसीवर तेरा फॅक्टोरियल?" चालवून पाहिलं : १९३२०५३५०४. खरं उत्तर ६२२७०२०८००. टर्बोचं चुकलेलं उत्तर ऋण असल्याने निदान डोळ्यात खुपतं, जीसीसीचं चुकलेलं उत्तर अगदी खऱ्यासारखं दिसतं. सर खूश झाले, पण वाद संपला नाही.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक आउटपुटच्या डोक्यावर कोणत्या कंपायलरचं ते लिहायचं, बारीक अक्षरात पण कायम. जिथे दोघांची उत्तरं वेगळी, तिथे दोन्ही आउटपुटं एकाखाली एक, टॅबमागे न लपवता. टॅब छान दिसतात, पण प्रिंटमध्ये दुसरा टॅब हरवतो. कोनियोवाले प्रोग्रॅम सर्व्हरकडे आले तर एरर नुसती पुढे न ढकलता त्यावर मराठीत एक ओळ : हे हेडर टर्बो सीचं आहे, इथे या तीन ओळी काढून चालवा.

आणि एक गट असा की ज्याला आउटपुट छापायचंच नाही. 'आय बरोबर आय प्लसप्लस अधिक प्लसप्लस आय' (i = i++ + ++i) छापाचे प्रश्न ओरलमध्ये आवडीने विचारले जातात, क्लासवाले त्यांची उत्तरं पाठ करून घेतात. सीच्या मानकात याचं उत्तर ठरलेलंच नाही, कंपायलरला काहीही द्यायची मोकळीक आहे. तिथे आता आउटपुटच्या जागी तेवढंच लिहिलेलं असतं. माझ्या मते साइटवरची ही सगळ्यात प्रामाणिक चौकट आहे. सरांना मात्र त्यावरून अजून फोन येतात.

दुसरा निर्णय : इंजिन कधी आणि कुठे

'बदलून बघा' दाबल्यावर पानात एकच पायथन इंजिन उभं राहतं, सगळ्या उदाहरणांसाठी तेच. ते वेब वर्करमध्ये, म्हणजे पानाच्या मुख्य धाग्यापासून वेगळं चालतं. याचं कारण व्हाइल ट्रू, म्हणजे कधीच न थांबणारा लूप. नवशिक्या मुलाकडून अनंत लूप लिहिला जाणारच. मुख्य धाग्यात तो सुरू झाला की अख्खं पान गोठतं, थांबवायचं बटणसुद्धा दाबलं जात नाही. वर्कर बाहेरून मारता येतो. मारल्यावर इंजिन पुन्हा उभं करावं लागतं, त्यात काही सेकंद जातात. ते चालवून घेतलं.

इनपुटवर जास्त डोकं खर्च झालं. पायथनचं इनपुट म्हणजे प्रोग्रॅमने थांबून वाट बघायची. वर्करमध्ये असं थांबायचं तर शेअर्ड मेमरी (पान आणि वर्कर दोघांनाही दिसणारी) लागते. स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष २०१८ च्या जानेवारीत उघड झाल्यावर ब्राउझरांनी ती मेमरी बंद केली होती. आता ती मिळते, पण सर्व्हरने दोन खास हेडर (पानासोबतच्या सूचना) पाठवून पान बाकी जगापासून वेगळं केलं तरच. तसं केलं की पानात बसवलेले बाहेरचे व्हिडिओ अडायला लागले, आणि या साइटच्या अर्ध्या धड्यांत व्हिडिओ आहेत. म्हणून साधा मार्ग : कोडखाली 'इनपुट आधी भरा' असा खोका, एका ओळीत एक उत्तर, प्रोग्रॅम ते क्रमाने उचलतो. नमुन्याचं इनपुट आधीच भरलेलं असतं. सर्व्हरवरच्या सीलाही तोच खोका. खऱ्या संवादाची मजा यात जाते हे मान्य. पण जर्नलमध्ये तरी इनपुट आणि आउटपुट असंच तर लिहायचं असतं.

वेबच्या धड्यांत जावास्क्रिप्टला पान लागतं, तिथे आयफ्रेमशिवाय गत्यंतर नाही. चौकटीला सँडबॉक्स (बाहेर हात पोहोचू न देणारं कुंपण) लावून फक्त स्क्रिप्ट चालवायची परवानगी दिली, 'सेम-ओरिजिन'ची, म्हणजे मूळ साइटचाच भाग मानायची, नाही. दोन्ही एकत्र दिल्या आणि चौकट आपल्याच पत्त्यावरून आली, तर आतला कोड स्वतःचा सँडबॉक्स स्वतःच काढून टाकू शकतो, मग लॉगिन केलेल्या मुलाची कुकी (लॉगिनची खूण) त्याच्या हाताशी. या कडक बंदोबस्तात लोकल स्टोरेजचा (ब्राउझरमध्ये माहिती साठवायचा) धडा मात्र चालेना, कारण अशा चौकटीला स्वतःचा पत्ताच नसतो. उदाहरणांसाठी वेगळं डोमेन घेऊन तो प्रश्न सोडवला. वर्षाचा खर्च किरकोळ.

तिसरा निर्णय : डोळ्यांना काय दिसतं

उंचीचा प्रश्न निम्मा आपोआप सुटला. आउटपुट आता साधा मजकूर असल्यामुळे पान पहिल्यांदा उघडतानाच त्याची जागा ठरलेली असते, उड्या बंद. गूगलच्या मोजमापात पान हलण्याचा आकडा ०.१ पर्यंत चांगला धरतात आणि वाचकाने काही दाबल्यावर पहिल्या ५०० मिलिसेकंदांत झालेली हालचाल त्यात मोजत नाहीत. पण इंजिन जागं व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्या सवलतीवर विसंबलो नाही. नवं आउटपुट जुन्याच्याच जागेत येतं आणि लांब असेल तर खाली 'पूर्ण दाखवा' येतं. अनंत लूपने हजार ओळी ओतल्या तरी पुढचा परिच्छेद जागचा हलत नाही.

कोडची ओळ लांब असेल तर मोडायची की आडवी सरकवायची? पायथनमध्ये मोडलेली ओळ इंडेंटसारखी (ओळीच्या सुरुवातीला मुद्दाम सोडलेल्या जागेसारखी) दिसते आणि नवशिका फसतो, म्हणून आडवी सरकवायची, कडेला हलकी सावली देऊन, पुढे काही आहे हे कळण्यापुरती. पण खरा उपाय लिहिणाऱ्याच्या हातात होता. छोट्या फोनवर वाचता येईल अशा आकारात एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं बसतात. मॅडमनी स्वतःला तीच मर्यादा घालून घेतली आणि जुनी उदाहरणं हळूहळू आखूड केली. 'टोटल नंबर ऑफ स्टुडंट्स' असली व्हेरिएबलं गेली. ब्राउझर टॅबला मुळात आठ घरं देतो, ती चार केली. या एका ओळीच्या बदलाने कितीतरी कोड पडद्यात मावला.

फॉन्टची गंमत वेगळी. आधीचा फॉन्ट जोडचिन्हांचा होता, उद्गारचिन्ह आणि बरोबर शेजारी आले की त्यांचं ≠ करून दाखवणारा. आमच्यासारख्यांना ते देखणं वाटतं. लेखी परीक्षेत मात्र मुलं कागदावर तसंच ≠ लिहून येत होती, आणि सरांना वाटायचं ही गणिताच्या वर्गातली सवय. फॉन्ट बदलला. ओळींमधलं अंतरही वाढवलं, कारण मराठी कमेंटमधला रफार आणि खालचा उकार इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत कापले जात होते.

कॉपीचं बटण कोडचा कच्चा मजकूर उचलतं. ओळींचे आकडे आणि पायथनची >>> खूण त्यात येत नाही. पूर्वी मुलं हाताने निवडून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, तिथून वर्डमध्ये, आणि तोवर सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झालेली असायची. पायथन मग 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून अडायचं. वाटेतला वर्ड आपण काढू शकत नाही, म्हणून 'बदलून बघा'च्या एडिटरमध्ये वाकडी चिन्हं पेस्ट झाली तर तो आता विचारतो की सरळ करू का. गुपचूप सरळ करत नाही. मॅडमचा आग्रह होता, आणि मला तो पटला : लॅबच्या पीसीवर हीच एरर आली तर मुलाला ती ओळखता यायला हवी.

प्रिंटसाठी वेगळी मांडणी लिहिली : बटणं नाहीत, कोड पूर्ण, आउटपुट त्याच्या लगेच खाली, आणि शक्यतो दोन्ही एकाच पानावर.

परिणाम

पान हलकं झालं, स्वस्त फोनवरही लगेच वाचता येऊ लागलं. सर्व्हरवरच्या सीच्या रनची संख्या उतरली, कारण नुसतं उत्तर बघायला कोणी रन दाबेना. पहिल्या आठवड्यात सर यामुळे अस्वस्थ होते. त्यांना आकडा पडलेला दिसत होता. पण दाबले जाणारे रन आता वेगळे होते. जसाच्या तसा कोड चालवणं जवळजवळ थांबलं होतं आणि बहुतेक रनमध्ये काहीतरी बदललेलं असायचं, बहुतेकदा लूपची मर्यादा, कधी एखादी मुद्दाम काढलेली ओळ. त्या बदललेल्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुकांवरून मॅडमनी दोन धडे नव्याने लिहिले.

तक्रारी थांबल्या नाहीत, बदलल्या. 'चालत नाही' हा फोन कमी झाला, 'तुमच्याकडे दोन उत्तरं का आहेत' हा वाढला. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट नीट निघतात.

फसलेलंही एक होतं. 'बदलून बघा' हे शब्द सुरुवातीला कोडच्या वरच्या कोपऱ्यात होते, आणि पुष्कळ मुलांना वाटलं ती पानाची थीम बदलायची सोय आहे. बटण आउटपुटच्या खाली, उत्तर वाचून झाल्यावर हात जिथे पोहोचतो तिथे नेलं, तेव्हा कुठे ते वापरात आलं.

वेगळं काय करता आलं असतं

टीमने उदाहरणं चालणारी करताना जुने स्क्रीनशॉट काढून टाकले, तिथे थोडं थांबायला हवं होतं. नवी सोय एकाच धड्यात लावून, तो धडा दोन मुलांच्या फोनवर उघडून पाहिला असता, तरी रिकामी चौकट लगेच दिसली असती. कार्यालयातले दोन्ही मॉनिटर मोठे, इंटरनेट फायबरचं. त्या पडद्यावर सगळं नीटच दिसत होतं.

कंपायलरचं नाव आउटपुटवर लिहिणं स्क्रीनशॉटच्या काळातच करता आलं असतं. तेव्हा निळ्या पानावरून ते आपोआप कळायचं म्हणून कुणाला गरज वाटली नाही. चित्र गेलं तेव्हा त्यातली ती माहितीही सोबत गेली. मांडणी बदलताना जुन्या मांडणीतून न सांगता काय काय कळत होतं याची यादी करणं कंटाळवाणं असतं, पण ती आधी केली असती तर सीवरच्या दोन बैठका वाचल्या असत्या.

सर्व्हरवरचं सी ब्राउझरमध्ये आणावं का, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. वेबअसेम्ब्लीत सी कंपायलर चालवता येतो, पण त्याचं वजन आणि टर्बोवाल्या मुलांच्या अडचणी पाहता आत्ता त्यात फायदा दिसला नाही. सर्व्हरचा खर्च पुन्हा चढला तर तो विषय निघेल.

अजून न सुटलेलं

पायथनमध्ये तक्ता छापायच्या धड्यात मॅडमनी तालुक्यांची नावं घेतली होती. 'नाशिक' दिसायला तीन अक्षरी, 'त्र्यंबक'ही तीन अक्षरी. पायथनला विचारलं तर पहिल्याची लांबी ५ आणि दुसऱ्याची ८, कारण तो काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतो. दहा घरांचा स्तंभ मागितला की एका नावापुढे पाच मोकळ्या जागा येतात, दुसऱ्यापुढे दोन, आणि पुढचा आकड्यांचा स्तंभ वाकडातिकडा. अक्षरगट मोजून जागा भरायचा प्रयत्न केला, तरी देवनागरीची अक्षरं कमी-जास्त रुंद असल्याने एकसमान रुंदीच्या फॉन्टच्या घरांत ती नीट बसत नाहीत. सध्या त्या धड्यातली नावं रोमन लिपीत ठेवली आहेत. मॅडमना हे पटलेलं नाही आणि मलाही फारसं नाही. स्तंभांमध्ये टॅब टाकून आउटपुटची चौकट त्याचा खरा तक्ता करून दाखवेल, असा एक मार्ग तांत्रिक जोडीदाराने सुचवला आहे. सरांचा त्याला विरोध आहे, कारण लॅबच्या काळ्या पडद्यावर तसं दिसणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका धड्यापुरतं करून बघायचं ठरलं आहे, या वेळी आधी मुलांच्या फोनवर.